सुनंदाचं घर आणि सुभेदारांचा पहारा

“मॅडम, आमच्या घरात चौथा माणूस राहायला आलाय. त्याला बाहेर काढा.”

हेमाचा फोन आला तेव्हा मी आष्ट्यात एका घराच्या पायऱ्यांपुढे उकिडवी बसून टेप लावत होते. व्हीलचेअरसाठी रॅम्प करायचा होता. घरमालक डोक्यावर उभे राहून विचारत होते, की एवढा लांब उतार कशाला, गॅरेजला असतो तसा आखूड का नको. मी त्यांना हातानेच ‘थांबा’ केलं.

“कोण आलाय?”

“सुभेदार. सकाळी साडेसहाला हजर. मंगलला म्हणाले, ‘तुमाला दिसत न्हाई, गॅसजवळ जाऊ नगा.’ मंगल रुसून खोलीत बसलीय. आज स्वयंपाक नाही. आम्ही तिघी फरसाणावर आहोत.”

“रेखाताई काय करतायत?”

“त्यांना सुभेदारांनी मेथी निवडायला बसवलंय. मॅडम, एक तर ते जातील, नाही तर मी जाईन. आणि मला रिक्षात बसवायला दोन माणसं लागतात. तेव्हा त्यांनाच घालवणं सोपं पडेल.”

हेमा अशीच बोलते. मी रॅम्पचं माप घेतलं, मालकांना आखूड उतारावरून व्हीलचेअर कशी कोलांटी मारते ते समजावलं आणि सांगलीकडे गाडी वळवली.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं हात-पाय वळवून देते. ते काम फिजिओथेरपिस्टचं. माझं काम म्हणजे, शरीराला किंवा बुद्धीला जे जमत नाही ते धरून चालून, माणसाला रोजचा दिवस स्वतःचा स्वतः कसा काढता येईल ते बघायचं. आंघोळ, स्वयंपाक, बाजार, बस, सगळं. मी ज्या छोट्या संस्थेत काम करते ती सपोर्टेड लिव्हिंगची घरं चालवते. मराठीत ‘आधारासह राहणं’ म्हणता येईल, पण ऑफिसात तसं कोणी म्हणत नाही.

ही घरं म्हणजे आश्रम नव्हे आणि हॉस्टेलही नव्हे. हॉस्टेलमध्ये जेवायची वेळ संस्था ठरवते. इथे राहणारे ठरवतात. भाडेकरार त्यांच्या नावावर असतो. भिंतीला कुठला रंग द्यायचा यावर भांडण त्यांचं होतं, आमचं नाही. आमचा माणूस फक्त ज्याला जेवढी लागेल तेवढी मदत करतो. हे ‘जेवढी लागेल तेवढी’ ठरवणं, हीच सगळी कारागिरी.

विश्रामबागेत तळमजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये तिघी राहतात. हेमा सांगलीचीच. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूकडून स्नायूंना जाणारे हुकूम नीट पोचत नाहीत. तिला अंघोळीला, कपड्यांना मदत लागते. विचार करायला अजिबात लागत नाही. घरी बसून कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि पुस्तकं जुळवून देते. मंगल आटपाडीकडची. तिला उजेड, सावली आणि मोठे आकार तेवढे दिसतात. तिच्याइतक्या गोल भाकरी मला दोन्ही डोळ्यांनी येत नाहीत. आणि तिसरी सुनंदा. रेखाताई आमच्या सपोर्ट वर्कर. सकाळ-संध्याकाळ येतात, गरज पडली तर मुक्कामाला राहतात.

सुनंदा चाळिशीच्या आतबाहेरची, उंब्रजची. तिला बौद्धिक अपंगत्व आहे. धुणं, भांडी, झाडलोट कोणालाही लाजवेल अशी. पण वेळ, पैसे, पुढचं ठरवणं हे सगळं अवघड जातं. वाचता येत नाही. बोलायला वेळ लागतो. मध्ये कोणी बोललं, की ती आपलं वाक्य खाली ठेवून देते आणि परत उचलत नाही.

तिला आमच्याकडे आणलं तिच्या भावाने. सुभेदार आनंदराव, सैन्यातून रिटायर झालेले. ताठ, मिशी पिळलेली, बुटांना पॉलिश. आई होती तोवर सुनंदाचं सगळं आईने केलं. आई गेल्यावर सुभेदार आणि त्यांच्या पत्नी शालनवहिनी. मग एक दिवस सुभेदारांच्या छातीत कळ आली आणि कराडला स्टेंट बसला. डॉक्टरांनी ‘आता काळजी करू नका’ म्हटल्याबरोबर यांनी काळजी सुरू केली.

“मॅडम, माझं पोरगं पुण्याला. त्याची बायको चांगली हाय, पन तिच्यावर का म्हनून टाकू? माझ्या माघारी नंदीचं काय, येवढाच सवाल हाय,” ते मला पहिल्या भेटीत म्हणाले.

हा प्रश्न आमच्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो. पण बहुतेक जण तो विचारून घरी जातात आणि पुढच्या आजारपणापर्यंत विसरतात. सुभेदारांनी कृती केली. घर बघायला आले. बाथरूममधले धरायचे दांडे लोंबकळून तपासले. खिडक्यांचे गज हलवले. नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला. शेवटी म्हणाले, “पोस्ट चांगली हाय.”

मग मी सुनंदाला विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय?”

सुभेदार म्हणाले, “तिला काय इचारायचं असनार?”

मी काही न बोलता थांबले. थांबणं हे आमच्या धंद्यातलं मुख्य हत्यार. बऱ्याच वेळाने सुनंदा म्हणाली, “दाराची चावी... मला बी मिळनार?”

मिळणार म्हटल्यावर ती हसली. त्या दिवशी तिने एवढा एकच प्रश्न विचारला.

सुनंदा राहायला आली आणि दोन आठवडे सगळं झकास चाललं. ती चहा करायला शिकली. उंब्रजला तिला गॅस पेटवू देत नसत. रेखाताईंनी तिला सिटी बसने विश्रामबागेतून सांगलीच्या स्टँडपर्यंत जायला-यायला शिकवलं. याला ट्रॅव्हल ट्रेनिंग म्हणतात. आधी शेजारच्या सीटवर बसायचं, मग मागच्या, मग मागच्या बसमध्ये. शेवटी घरी बसून नखं खायची. सुनंदा रोज जाऊन भाजी घेऊन येऊ लागली. बोर्ड वाचता येत नसल्याने ती प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर कंडक्टरलाही विचारायची.

मग सुभेदारांनी समोरच्या इमारतीत खोली भाड्याने घेतली.

आम्हाला कोणालाच न विचारता. एक कॉट, एक स्टोव्ह, एक थर्मास. खिडकी बरोबर आमच्या फ्लॅटच्या दाराकडे. ‘थोडे दिवस, तिला करमेपर्यंत,’ म्हणाले. सकाळी साडेसहाला ते आत यायचे. सुनंदासाठी थर्मासमधून चहा. भाजी ते आणायचे, तीही निवडून पारखून. रेखाताईंना कामं वाटून द्यायचे. सुनंदाला काहीही विचारलं, की उत्तर त्यांचं यायचं. ‘सुनंदा, आज काय खायचं?’ ‘तिला वांगं आवडतं.’ ‘सुनंदा, टीव्ही बघायचा?’ ‘तिचं डोकं दुखतं टीव्हीनं.’

मी आष्ट्याहून पोचले तेव्हा सुनंदा कॉटवर बसली होती, हातात रिकामा कप घेऊन. चहा पाहिजे होता. गॅस चार पावलांवर होता, पातेलं कुठे असतं ते तिला माहीत होतं, आठ दिवसांपूर्वी तिने मला स्वतः करून दिला होता. पण ती कप पुढे धरून बसली होती आणि सुभेदार थर्मासचं झाकण उघडत होते.

आमच्याकडे याला ओव्हर-सपोर्ट म्हणतात. नको तेवढी मदत. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शिकलेलं विसरायला लावणारं याच्याइतकं जालीम औषध मी पाहिलेलं नाही.

मी सुभेदारांना बाहेर बोलावलं. पार्किंगमध्ये उभं राहून बोलले.

“सुभेदार, ती चहा करायला शिकली होती.”

“भाजलं मंजी?”

“भाजेल एखादेवेळी. मलाही भाजतं.”

“तुमी म्याडम हाय. तुमाला फुकर मारायला कळतं.”

“तिलाही कळतं. तुम्ही दोन दिवस उंब्रजला जाऊन या. वहिनी एकट्या असतील.”

“तिला सवय हाय. मी अठ्ठावीस वर्सं बार्डरवर हुतो.” आणि मग थोडं थांबून म्हणाले, “मॅडम, मी हितं कुनाला तरास देतो का? मी निस्ता लक्ष ठिवतो.”

मी ऑफिसला जाऊन कुलकर्णी सरांना सांगितलं. ते आमचे डायरेक्टर. शांत माणूस, पण कुटुंब नाराज होणार म्हटलं की त्यांचं पित्त वाढतं.

“तुम्ही त्यांना दुखवू नका,” ते म्हणाले. “कायद्याने काहीही असलं, तरी त्यांनी बॅग उचलली की सुनंदा त्यांच्यामागून चालायला लागेल. मग हेमा आणि मंगलने काय करायचं? दोघींवर घर चालत नाही. आणि कराडकडची तीन कुटुंबं या घराकडे बघतायत. उंब्रजचे सुभेदार बहिणीला परत घेऊन गेले असं झालं, तर एकही येणार नाही.”

“मग करायचं काय?”

“तुम्ही थेरपिस्ट आहात. करा काही तरी.”

वरिष्ठांचा असा भक्कम पाठिंबा घेऊन मी परत आले.

दर शनिवारी संध्याकाळी त्या घरात हाऊस मीटिंग होते. घरातले प्रश्न घरातल्यांनी बसून सोडवायचे. अध्यक्ष नेहमी हेमा, कारण दुसऱ्या कोणाला ती होऊ देत नाही. त्या शनिवारी तिने सुभेदारांना रीतसर बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी कोपऱ्यात स्टुलावर.

“विषय एकच,” हेमा म्हणाली. तिचे शब्द ओढत येतात, पण चुकीच्या जागी पडत नाहीत. “पाहुण्यांनी बेल वाजवायची. आम्ही दार उघडलं तर आत यायचं. आणि यायचं रविवारी. हा नियम माझ्या आईलाही आहे, मंगलच्या मामालाही आहे.”

“मी पाव्हना न्हाई,” सुभेदार म्हणाले. “मी भाऊ हाय.”

“ते आम्ही ओळखलं.”

मंगल एकदम म्हणाली, “आवं दादा, तुमी माज्या डब्यांची जागा बदलता. मी डोळ्यानं न्हाई, हातानं हुडकते. काल चहात मीठ पडलं.”

“ते मी... नीट लावून ठिवत हुतो.”

“नीटच हुतं की.”

सुभेदारांचा चेहरा उतरला. रागापेक्षा लाज जास्त होती. ते सुनंदाकडे वळले. “नंदे, तू सांग. मी यायला नगं का? ह्या म्हनत्यात तसं बहिनीला भेटायला मी अपॉइंटमेंट घ्यायची का? बोल.”

सुनंदाने तोंड उघडलं. ओठ हलले. मी मनात म्हणत होते, थांबा, थांबा, थांबा.

“बघा,” सुभेदार म्हणाले. “ती काय बोलत न्हाई. तिला हे काय पटंना.” ते उठून उभे राहिले. “आमचं चुकलं. परक्या घरात आमी आमचं मानूस ठिवलं. उद्या मी तिला घरी घिऊन जातो. जय हिंद.”

‘जय हिंद’वर हेमाने मीटिंग संपल्याचं जाहीर केलं. सुनंदा उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी सुभेदार साडेसहाला आले नाहीत. नऊच्या सुमारास आले, रिकामी बॅग घेऊन. बेल वाजवली. रेखाताईंनी दार उघडलं. सुनंदाची कॉट आवरलेली होती, चादर ताठ, उशी मध्यावर. सुनंदा नव्हती.

“दुधाला गेली असंल,” मंगल म्हणाली. “मला ‘जाऊन येते’ म्हनली. लय वेळ झाला पर.”

डेअरीत नव्हती. देवळात नव्हती. फोन चार्जरला लावलेला तसाच होता. रेखाताईंनी मला फोन केला आणि मी पोचले तेव्हा सुभेदार गल्लीच्या तोंडाशी उभे होते, प्रत्येक रिक्षात डोकावत.

माणूस हरवलं की सगळे रस्त्यावर धावतात. मला माझ्या सीनियरनी शिकवलंय, आधी घरात बघ. काय नेलंय आणि काय ठेवलंय. मी सुनंदाचं कपाट उघडलं. बाहेर जायचा निळा ड्रेस नव्हता. पर्स नव्हती. आणि एसटीचं सवलतीचं कार्ड, जे ती कधीच नेत नाही कारण सिटी बसला ते लागत नाही, तेही नव्हतं.

“एसटीने गेलीय,” मी म्हटलं.

“कुठं? एकटी?” सुभेदार म्हणाले. “तिनं जन्मात एकटीनं एसटी...”

रेखाताईंना पोलीस चौकीत पाठवलं, हेमाला फोनवर बसवलं आणि सुभेदारांच्या गाडीतून आम्ही स्टँडवर गेलो. कंट्रोलरनी सांगितलं, सकाळपासून पुणे, सातारा, कोल्हापूर, विटा, मिरजेच्या तर विचारूच नका, इतक्या गाड्या सुटल्यात. निळ्या ड्रेसची बाई? डझनावारी. मी फोटो दाखवला. त्यांनी वर्णन लिहून घेतलं आणि पुढच्या डेपोंना फोन लावायला घेतले. कुलकर्णी सरांचा फोन आला, ‘पोलिसात दिलं का, पेपरवाल्यांना कळलं नाही ना’. मी दोन्हीची उत्तरं दिली आणि ठेवला.

मागे वळून बघते तर सुभेदार बाकड्यावर बसलेले. एक हात छातीवर.

“दुखतंय का?”

“न्हाई. तसलं न्हाई.” ते हात काढत नव्हते. “मॅडम, मी सुट्टीवर आलो हुतो. नवा नवा भरती झालेला. पालीच्या खंडोबाच्या यात्रेला घरची सगळी गेलो. नंदी माझ्या हाताला. नऊ-धा वर्साची असंल. गर्दी आली, भंडाऱ्यानं डोळं मिटलं, आन उघडलं तवा हातात हात न्हाई. दिस मावळस्तोवर हुडकली. मिठाईच्या दुकानाच्या फळीखाली बसलेली गावली. रडत नव्हती. म्हनली, ‘दादा, तू हरवला हुतास.’”

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला.

“तवापासनं मी जितं आसंल तितनं आधी पत्र, मग फोन. नंदी कुठाय, नंदी काय करती. आईला वैताग यायचा. परत सुटली हातातनं तर मी काय सांगू कुनाला?”

मी शेजारी बसले. पार्किंगमध्ये त्यांना मी एवढं सुनावलं होतं; त्यातलं एक वाक्य आता आठवायची इच्छा नव्हती. सुनंदाला खरंच काही झालं असतं तर ते घर बंद पडलं असतं, आणि ते बरोबर आहे असंच सगळे म्हणाले असते.

सुभेदारांचा फोन वाजला. ‘घर’ असं नाव आलं. त्यांना बटण सापडेना म्हणून मी स्पीकर लावला.

“आवं, ऐकलं का?” शालनवहिनी. “नंदावन्सं हितं आल्यात.”

“कुठं हितं?”

“हितं म्हंजी हितं. उंब्रजला. सोप्यात बसल्यात. येष्टीनं आल्यात म्हनं.”

“कुनासंगं?”

“एकट्याच. मी बी त्येच इचारलं. तुमाला लागलीच फोन करनार हुते, पर त्या म्हनल्या आदी च्या प्या.”

कंट्रोलरसाहेब खिडकीतून ऐकत होते. त्यांनी समोरचा फोन खाली ठेवला. मी पोलीस चौकी, हेमा आणि सर असे तीन फोन केले आणि आम्ही निघालो.

पेठ नाक्यापर्यंत सुभेदार चिडलेले होते. “येऊ दे समोर. असं कुनी जातं का? मी तिला आसं बोलनार हाय...” हायवेला लागल्यावर राग गेला आणि कुतूहल आलं. “मॅडम, तिला वाचता येत न्हाई. गाडी कशी वळखली आसंल?” कराड ओलांडताना म्हणाले, “पुलाखाली स्टाप हाय. रस्ता वलांडून जावं लागतं. कसा वलांडला आसंल?” उंब्रज येईपर्यंत त्यांचा आवाज असा झाला होता, जणू पोरगी एनडीए पास झालीय.

गाडी कशी ओळखली, ते मला नंतर कळलं. सुनंदाने सिटी बसचीच पद्धत वापरली. तीन ड्रायव्हर आणि दोन कंडक्टरना विचारून साताऱ्याची गाडी पकडली. मग कंडक्टरला बजावलं, “उंब्रज आलं की मला सांगायचं. इसरायचं न्हाई.” आष्ट्याला विचारलं, आलं का. पुढच्या प्रत्येक थांब्याला विचारलं, आलं का. कराडच्या पुढे गेल्यावर म्हणे अर्धी गाडीच तिच्यासाठी बाहेर बघत होती आणि उंब्रज आल्यावर पाच-सहा जण एकदम ओरडले. एका आजोबांनी हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. तिथून पुढे तिचं गावच होतं.

सुनंदा सोप्यात पाटावर बसली होती. शालनवहिनी शेजारी. दोघींच्या पुढे कप. सुभेदार दारात उभे राहिले, छाती भरून हवा घेतली आणि ओरडायच्या आत वहिनी म्हणाल्या, “आदी ऐकून घ्या. त्या सांगनार हायती. मदी बोलू नगा.”

तीस-एक वर्षांच्या संसारात वहिनींनी त्यांना किती वेळा मध्ये बोलू नका म्हटलं असेल, मला माहीत नाही. पण सुभेदार बसले. जमिनीवर, तिच्यासमोर.

सुनंदाने वेळ घेतला. कप उचलला, ठेवला. ओढणीचं टोक गुंडाळलं. हायवेवरून ट्रक जात होते तेवढा आवाज.

“मी वैनीला सांगाया आले,” ती म्हणाली. “दादाला घिऊन जा म्हनून.”

“मला?”

वहिनींनी बोट ओठावर ठेवलं.

“दादाला तितं करमत न्हाई. खोलीत एकटाच जेवतो. खिडकीतनं दिसतं मला. वैनी हितं एकटीच जेवती.” ती परत थांबली. हे वाक्य तिने बसमध्ये सबंध वाटभर जुळवलं असणार. “आमी तिगी जेवतो. मिळून.”

सुभेदारांनी मान खाली घातली. मग एकदम वर करून म्हणाले, “मग काल मीटिंगीत का बोलली न्हाईस? मी इचारलं हुतं की.”

“इचारलंस,” सुनंदा म्हणाली. “मग तूच बोल्लास.”

यावर वहिनी हसल्या. खळखळून, पदर तोंडावर घेऊन. “मला तर वाटलं हुतं, ह्येंनी परत नोकरी धरली! वन्सं तिकडं गेल्या म्हनून मी दोन मान्सांचा सैपाक शिकले नव्यानं. आन हे गेले सांगलीला डूटीवर. माझं काय कुनी इचारलं न्हाई.” हसता हसताच त्यांचा आवाज थोडा ओला झाला आणि त्या जेवणाचं बघायला आत गेल्या.

सुभेदारांनी सुनंदाचा कप पुढे ओढला. “हा च्या कुनी केलाय?”

“मी.”

“मला बी टाक थोडा.”

ती उठून आत गेली. ते जागचे हलले नाहीत. आत काडी ओढल्याचा आवाज आला तेव्हा मात्र त्यांचा एक गुडघा वर आला. मी बघितलं. त्यांनी मला बघताना बघितलं. गुडघा खाली गेला.

जेवण झाल्यावर प्रश्न आला, परत कसं जायचं. सुभेदार म्हणाले, गाडीने सोडतो. सुनंदा म्हणाली, “येष्टीनं.” मी म्हटलं, माझी गाडी सांगलीतच आहे, मी तिच्याबरोबर एसटीने जाते. मग तिला एक गोष्ट तिथेच स्पष्ट सांगितली, सगळ्यांच्या समोर. कुठेही जा, पण कुठे ते सांगून जायचं, आणि फोन बरोबर. आज सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. तिने भावाकडे पाहिलं. “रडला?” मला विचारलं.

“थोडे.”

“सांगून जाईन,” ती म्हणाली.

हायवेच्या स्टॉपवर सुभेदार दोघींना सोडायला आले. गाडी आली तसे पुढे होऊन कंडक्टरला म्हणाले, “साहेब, ह्या आमच्या...” आणि मग थांबले. तोंड मिटलं. सुनंदाने स्वतः सांगितलं, “सांगली. आलं की सांगायचं.” शेवटचा स्टॉप होता तरी.

सोमवारी कुलकर्णी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “आता हे इन्सिडेंट म्हणून नोंदवायचं की अचीव्हमेंट म्हणून?”

“दोन्ही.”

“दोन्ही कॉलम नाहीत आपल्याकडे.”

“मग करून घ्या.”

त्यांनी मला जायला सांगितलं. पण पुढच्या आठवड्यात सुनंदाच्या सपोर्ट प्लॅनमध्ये, म्हणजे कोणाला कुठली मदत द्यायची याच्या आमच्या आराखड्यात, ‘लांबचा एसटी प्रवास’ आला. रेखाताई दोन वेळा तिच्याबरोबर उंब्रजला गेल्या; दुसऱ्या वेळी मागच्या सीटवर बसून.

सुभेदारांनी समोरची खोली सोडली. दर दुसऱ्या रविवारी ते आणि वहिनी सांगलीला येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मंगलच्या डब्यांना हात लावायचा नाही म्हणून हात पाठीमागे बांधून स्वयंपाकघरात उभे होते. हेमाने त्यांना एका लग्नपत्रिकेतल्या हुद्द्यांच्या चुका काढायला बसवलं. घरात तीन-चार फौजी असलेल्या कुटुंबाची पत्रिका होती. त्यांना ते काम इतकं आवडलं, की आता तिच्याकडची अशी प्रत्येक पत्रिका फोनवर त्यांच्याकडे जाते.

कराडकडची ती तीन कुटुंबं आली. दोघांनी आपली माणसं पाठवली, तिसऱ्यांचा अजून विचार चालू आहे. त्यांच्याशी मी बोलत नाही, सुभेदारच बोलतात. मी एकदा ऐकलं. फोनवर सांगत होते, “बाथरूमचे दांडे मजबूत हायती, मी लोंबकळून बघितलंय. फकस्त समोर खोली घिऊ नगा. तितं डास लय हायती.”

आमच्या कामात नवीन माणूस घरात येण्याआधी असेसमेंट होतं. काय जमतं, काय जमत नाही, काय आवडतं, कशाची भीती वाटते, असं तासभर त्याला विचारतो. त्या सगळ्यात मी आता एक प्रश्न वाढवलाय, आणि तो येणाऱ्याला नाही, सोडायला आलेल्या माणसाला असतो. “हे इथे राहायला आले, की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तुम्ही काय करणार?”

बहुतेकांना उत्तर देता येत नाही. तसं झालं, तर सामान हलवायची तारीख आम्ही पुढे ढकलतो आणि आधी त्यांची काही तरी सोय लावतो.